कडू घास आणि गोड डबा

महोत्सवी स्मरणिकेसाठी सभासदांच्या कुटुंबांस उपयोगी पडेल असे काही लिहून द्यावे, अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. संस्थेच्या इतिहासावर लिहिणारे आमच्यापेक्षा अधिकारी पुरुष आहेत, हिशेबावर लिहिणारेही आहेत. आम्ही असा विषय घेतला आहे की, जो चारचौघांत काढावयास माणसे लाजतात. घरातले माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात जे सणवार येतात, त्या दिवसांत दुःखी मनुष्य गोडाकडे का ओढला जातो, त्याने त्याचे काय नुकसान होते, आणि त्याने व त्याच्या सोयऱ्या-शेजाऱ्यांनी काय करावे, हा तो विषय होय.

हा विषय आम्ही पुस्तकातून उचललेला नाही. काही वर्षांपूर्वी आषाढात आमच्या सहधर्मचारिणीचे निधन झाले. एकेचाळीस वर्षांचा संसार. आम्हांस मधुमेह जडून त्या वेळी नऊ वर्षे झाली होती, आणि त्या नऊ वर्षांत आमच्या चहात साखर पडली नाही ती आमच्या निग्रहामुळे नव्हे, तर साखरेचा डबा कोठे ठेवला आहे हे घरात फक्त एकीलाच ठाऊक होते म्हणून! तेरवी झाली, मुले हैदराबादेस व पुण्यास आपापल्या नोकरीवर परतली, आणि घरात आम्ही एकटे उरलो. सकाळी भूक नसे. दुपारी काहीतरी खाल्ले जाई. रात्री मात्र दहा-अकराच्या सुमारास असा काही पोकळपणा वाटे की, आम्ही फडताळ उघडून उभे राहत असू.

पहिल्याने संपला तो गुळांबा. तिने वैशाखात केलेला. मोठी बरणी होती, वर्षभर पुरावी अशा बेताने केलेली. श्रावणातल्या आठ-दहा रात्रींत आम्ही ती चमच्याने रिती केली. त्या वेळी आपण काही गैर करीत आहो असेही वाटले नाही. तिच्या हातचे खात आहो, एवढेच वाटे. बरणी संपल्यावर ती धुवावी की न धुवावी, या विचारात आम्ही तासभर बसून होतो.

पुढे सण सुरू झाले. आपल्याकडे श्रावणी अमावास्येच्या पोळ्यापासून जी रांग लागते ती संक्रांतीपर्यंत तुटत नाही. पोळ्याची पुरणपोळी, गणपतीचे मोदक, महालक्ष्म्यांचे पुरण, पितृपक्षातली खीर. त्याच सर्वपित्री अमावास्येस शेजारच्या तेलुगु घरांत बतुकम्मा सुरू होते व शेवटच्या दिवशी मलिद्याचे मुटके येतात. मग दसरा, मग दिवाळी. आमच्या घरी वर्षभर सण नाही हे सर्वांस ठाऊक. म्हणून प्रत्येक घराने आठवणीने वाटी पाठविली. दिवाळीस तर फराळाचे चौदा डबे आले. आम्ही मोजले होते. आणणारी मंडळी प्रेमळ होती, यात संशय नाही. पण ज्याच्या त्याच्या घरी लक्ष्मीपूजनाची गडबड. दारात उभे राहून डबा हातात द्यायचा, “काळजी घ्या गुरुजी,” म्हणायचे आणि निघायचे. त्या रात्री बाहेर फटाके वाजत होते, गावाबाहेरच्या बाजूने दंडारीचे ढोल ऐकू येत होते, आणि आम्ही स्वयंपाकघरात दिवा न लावता अनारसे खात होतो. दिवा का लावला नाही? घरात पाहणारे कोणीच नव्हते, तरी लावला नाही.

मार्गशीर्षात पायाच्या अंगठ्याची जखम भरेना म्हणून तपासणी केली. तीन महिन्यांच्या साखरेचा जो सरासरी आकडा रक्तावरून काढतात, तो पूर्वी ७.१ असे, तो ९.८ झाला होता. डॉक्टर आम्हांस रागे भरतील अशी आमची समजूत. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “गुरुजी, रात्री कोणाबरोबर जेवता?” काय खाता असे नव्हे; कोणाबरोबर. या लेखात आम्हांस जे सांगावयाचे आहे ते बहुतेक सगळे त्या एका प्रश्नात आले आहे.

आपल्या वाडवडिलांनी या गोष्टीचा विचार केला नव्हता असे नाही. पैनगंगेच्या या तीरावर आदिलाबाद, जैनद, बेला, तामसी या भागांत आणि पलीकडे यवतमाळ-नांदेडच्या बाजूस मृत्यू झालेल्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारी किंवा सोयरे पिठले-भाकरी करून आणतात, आणि त्यास ‘कडू घास’ म्हणतात. पिठले काही कडू नसते. तो घास गिळणे कडू असते. पण तो गिळावयास लावतात. आणणारा मनुष्य समोर बसतो, भाकरीचा तुकडा मोडून हातात देतो, आणि घरधन्याने दोन घास खाल्ल्याशिवाय उठत नाही. पुढे तेरवीस गोडाचे जेवण होते, आणि तेही एकट्याने नव्हे, पंगतीत. म्हणजे कडू केव्हा खावे आणि गोड केव्हा, दोन्ही ठरलेले. दोन्ही वेळा माणसे भोवती असलेली. त्यानंतर वर्षश्राद्धापर्यंत घरात सणाचे तळण नाही. आम्ही तरुणपणी या बंधनास हसलो आहो. आज आमचे मत थोडे बदलले आहे. ज्या घरातील करणारे हात गेले, त्या घरास “यंदा तुम्ही काही करू नका” अशी सूट मिळणे, हीही एक दयाच होय.

हे केवळ आपल्याच समाजात आहे असे नव्हे. आमच्या गावातील मुसलमान शेजाऱ्यांकडे मौत झाली की तीन दिवस नातलग व मोहल्ल्यातील लोक त्या घरी जेवण पोचवितात. ज्यू लोकांत अंत्यविधीनंतरचे पहिले जेवण शेजाऱ्यांनीच आणून द्यावयाचे असते, आणि त्यात अंडी किंवा मसूर अशा साध्या पदार्थांची चाल आहे. आपल्या जिल्ह्यातील गोंड बांधवांकडे पाहावे, तर केसलापूरला पुष्य अमावास्येस नागोबाची जत्रा भरते, त्या निमित्ताने मेश्राम कुळातील लोक आपल्या गेलेल्या माणसांच्या नावाने विधी करतात; दुःख एकेका झोपडीत ठेवीत नाहीत, सगळ्या कुळाच्या मध्ये आणून ठेवतात. १९५६ साली हा जिल्हा हैदराबाद संस्थानच्या जुन्या मुलखातून आंध्र प्रदेशात गेला, २०१४ मध्ये तेलंगणात आला, २०१६ मध्ये त्याचे चार जिल्हे झाले. कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या. कडू घासाची चाल मात्र कोणाच्या हुकमाने बदलली नाही.

मग बिघडले कोठे? बिघडले ते तेरवीनंतर. पूर्वी घरात दहा माणसे असत, आलेली वाटी दहा तोंडांत वाटली जाई. साखर शिधापत्रिकेवर मोजून मिळे त्या काळी एका घरातून दोन करंज्या आल्या तर ती मोठी गोष्ट. आज साखर स्वस्त, डबे मोठे, दुकानची मिठाई किलोच्या मापाने, आणि घरात खाणारा एक. डबा येतो, बसणारा माणूस येत नाही. चालीचा जो भाग पाठविण्यास सोपा होता तो आपण ठेवला, आणि जो वेळ मागत होता तो सोडला, असे आम्हांस वाटते.

आता शरीराच्या बाजूने पाहू. दुःखात सर्वांची भूक वाढते असे नाही. कित्येकांचे अन्न तुटते. पण ज्यांचा हात गोडाकडे जातो त्यांनी स्वतःस हावरट समजू नये. जर्मन भाषेत तर दुःखात खाऊन चढलेल्या चरबीला ‘कुमरश्पेक’ असा स्वतंत्र शब्दच आहे. म्हणजे ही गोष्ट तिकडेही घरोघरची असली पाहिजे. मनावर मोठा आघात झाला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचा स्राव वाढतो. त्याने रक्तातली साखर आपोआप चढते आणि गोड-तेलकट खाण्याची इच्छाही वाढते. झोप तुटली की भूक लावणारा स्राव वाढतो व पोट भरल्याचा निरोप देणारा घटतो. दिवसभर उपाशी राहिलेले शरीर रात्री त्वरित मिळणारी शक्ती मागते, आणि साखरेइतकी त्वरित दुसरी कशात आहे? शिवाय गोड जिभेवर पडताच मेंदूस क्षणभर बरे वाटते. हे बरे वाटणे खोटे नसते. फक्त फार लवकर संपते, आणि मेंदू ती वाट लक्षात ठेवतो. दुसऱ्या रात्री त्याच घटकेस तो त्याच फडताळाकडे नेतो.

यात धोका किती, हेही सांगितले पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले सुमारे १३ कोटी ६० लाख लोक असावेत असा अंदाज निघाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये असे सुचविले की, वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी शक्ती दिवसाच्या एकूण शक्तीच्या दहाव्या हिश्शाहून कमी असावी. सामान्य प्रौढ माणसास हे सुमारे ५० ग्रॅम, म्हणजे बारा चमचे पडतात, आणि याच्या निम्म्यावर आले तर अधिक चांगले. ही मर्यादा निरोगी माणसाची. मधुमेह्याने आपली डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. एका मध्यम बेसनाच्या लाडवात सुमारे तीन चमचे साखर असते. चार लाडू खाल्ले की निरोगी माणसाचाही दिवस संपला! गुळाने काही होत नाही, हा समज आमच्या पिढीत फार आहे. गूळ चवीला वेगळा, पण रक्तात गेल्यावर तो मुख्यतः साखरच. गुळांब्याच्या बरणीने आम्हांस हे शिकविले.

एक सूचना मात्र येथेच देऊन ठेवतो, कारण ती जीविताशी संबंधित आहे. जे मधुमेही इन्सुलिन टोचून घेतात किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेतात, त्यांनी दुःखात जेवण टाळले आणि औषध मात्र घेतले, तर साखर एकाएकी फार उतरते. घाम फुटणे, हात कापणे, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. अशा वेळी साखर हे औषध आहे. तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यावी, पाव तासाने पुन्हा तपासावे, आणि बरे वाटताच जेवण द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. शोकाची ओढ वेगळी आणि ही वेगळी. घरात मधुमेही असेल तर सर्वांस हा भेद ठाऊक असला पाहिजे.

आता आम्ही स्वतः काय केले ते सांगतो. त्यात वीरश्री नाही. डॉक्टरांनी आधी रात्रीचे नव्हे तर सकाळचे सुधारावयास सांगितले. भूक असो वा नसो, आठ वाजता ज्वारीची अर्धी भाकरी व वरण किंवा उसळ, दुपारी जेवण, पाच वाजता मूठभर भाजलेले हरभरे किंवा शेंगदाणे. पंधरा दिवसांत रात्रीचा पोकळपणा निम्मा झाला, हे पाहून आम्ही थक्क झालो. ज्यास आपण पत्नीवियोग म्हणत होतो, त्यातला काही भाग निव्वळ उपास होता!

उरलेला निम्मा मात्र उपास नव्हता. त्यासाठी आम्ही एक गोष्ट ठरविली: खायचेच असेल तर दिवा लावून, पाटावर बसून, बशीत घेऊन खायचे. उभ्याने नाही, डब्यातून नाही. बशीत एक लाडू घेऊन बसले की बहुधा दुसरा मागावा असे वाटत नाही; आणि कित्येकदा बशी काढेपर्यंतच ओढ ओसरते, कारण ही ओढ लाटेसारखी असते, पाव-अर्ध्या तासात बहुतेक वेळा खाली येते. तेवढा वेळ आम्ही अंगणात फेऱ्या मारीत असू, किंवा मुलीस दूरध्वनी करीत असू. मुलीस एकदा सांगितले, “बाळ, आत्ता मला गोड खावेसे वाटते आहे.” ती म्हणाली, “बाबा, आईची आठवण येते आहे असं म्हणा ना!” मग दोघेही बराच वेळ बोललो नाही. त्या रात्री फडताळ उघडले नाही. पुढल्या आठवड्यात दोनदा उघडले, हेही लिहून ठेवतो. अशा गोष्टी एका रात्रीत सुटत नाहीत, आणि एखाद्या रात्री घसरले म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहणे तर सर्वांत वाईट, कारण त्या उपासाचेच रात्री पुन्हा खाणे होते.

गोड अजिबात वर्ज्य करावे काय? आमचे नम्र मत, नाही. गेलेल्या माणसाच्या आवडीचा पदार्थ त्याच्या तिथीस पानात वाढतात, त्यात मोठे शहाणपण आहे. तिच्या तिथीस आम्ही गुळांबा वाढतो. आता तो आमची सून करते. तिच्या सासूसारखा होत नाही, आणि तसे ती स्वतःच हसून सांगते. दोन चमचे, सर्वांबरोबर, तिच्याविषयी बोलत. बरणी नाही.

बायकांविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. पुरुष एकटा पडला की लोक त्यास जेवावयास बोलावतात. विधवा स्त्रीस सणाला बोलावण्यास पुष्कळ घरे अजून कचरतात, हळदीकुंकवास तर नाहीच. तिच्याकडे डबा तेवढा पोचता होतो. ज्या बाईने जन्मभर सर्वांस वाढून शेवटी स्वतः खाल्ले, तिने एकटीसाठी चूल पेटवावी कशाला, असे तिला वाटते; मग चहा-बिस्किटे आणि आलेले लाडू यांवर दिवस जातो. आमच्या ओळखीत अशी घरे आहेत. डब्यावर पुण्य मिळवून अशा बाईला पंगतीबाहेर ठेवणे, ही रूढी आम्हांस बिलकूल मान्य नाही.

म्हणून आता सोयऱ्या-शेजाऱ्यांस आमची विनंती. त्या दिवाळीनंतर, आमच्या तपासणीची गोष्ट कानावर गेल्यावर, शेजारच्या तेलुगु घरातील अक्का एके संध्याकाळी आली. तिच्या हातात डबा नव्हता, ताट होते. दोन ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, वरण. दुसऱ्या ताटात तिचे स्वतःचे जेवण. “गुरुजी, मी इथंच जेवते. तुम्ही पण बसा,” एवढेच ती आपल्या तेलुगु वळणाच्या मराठीत म्हणाली. अर्ध्या तासाचे काम. त्यानंतर आठवड्यातून दोनदा ती किंवा तिचा मुलगा येत असे. तिने आम्हांस कधी साखरेविषयी एक शब्द विचारला नाही. फाल्गुनापर्यंत आकडा ७.६ वर आला, जखम भरली. श्रेय गोळ्यांचेही आहे, ते नाकारीत नाही.

तेव्हा ज्या घरी दुखवटा आहे तेथे सणाला जावयाचे असेल तर दारातून परतू नका. मिठाईचे खोके न्यावयाचेच असेल तर जितकी माणसे घरात आहेत तितकेच नग न्या, आणि बरोबर बसून खा. त्याहून बरे म्हणजे भाजी-भाकरी न्या. सणाच्या चार दिवसांत त्या घरी गोड सर्वांकडून येते, वरण कोणाकडूनच येत नाही. घरात मधुमेही आहे काय, हे विचारून घ्या. गेलेल्या माणसाचे नाव घ्यावयास भिऊ नका. नाव टाळून केलेल्या गप्पा त्या घरी फार जड पडतात. “खाऊ नका, साखर वाढेल,” असे मात्र दुःखी माणसास बजावू नये. तो लपून खाईल. आम्ही खाल्ले.

दुःख ही व्याधी नव्हे, म्हणून प्रत्येक रडणाऱ्यास दवाखान्यात नेण्याची गरज नाही. परंतु सहा महिने उलटून गेल्यावरही माणूस रोजच्या व्यवहारास लागत नसेल, वजन भराभर वाढत वा घटत असेल, खाणे आवरत नसेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर तज्ज्ञास दाखविले पाहिजे. शेवटची गोष्ट असेल तर सहा महिने काय, एक दिवसही थांबू नये. दीर्घकाळ न ओसरणारा शोक हा आता जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातही स्वतंत्रपणे नोंदलेला आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते, आणि आपल्या भाषेत बोलता येते. आदिलाबादेस रिम्स रुग्णालय आहे. मधुमेहाची तपासणी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. वर्षश्राद्धाची वाट न पाहता तिसऱ्या महिन्यातच ती करून घ्यावी. आम्ही पाचवा महिना उजाडू दिला.

आमच्या आळीत यंदा दुखवट्याची दोन घरे आहेत. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कोणास वेळ नसतो हे आम्ही जाणतो, म्हणून पाडव्याच्या संध्याकाळी एका घरी व भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी आम्ही सात वाजता जेवावयास जाणार आहो. अक्का भाकरी करणार आहे. ज्यांस यावयाचे असेल त्यांनी आपले ताट व जी घरात असेल ती भाजी घेऊन यावे.